शूर्पारक : पाणी हरवलेल्या बंदराचा अभ्यासप्रवास

प्रास्ताविक

प्राचीन बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सहसा भूमध्य समुद्राच्या काठावरील नगरे उभी राहतात. अलेक्झांड्रियाचे दीपगृह, एफेससचा बंदराकडे जाणारा संगमरवरी रस्ता, रोमनगरीला धान्य पुरविणारे ओस्टिया ही नावे इतिहासाच्या प्राध्यापकांप्रमाणेच भूगोल व वाणिज्य या विषयांच्या प्राध्यापकांनाही परिचित असतात. परंतु याच नगरांशी ज्याचा व्यापार चालत होता असे एक बंदर नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या पायथ्यापलीकडे होते, याची जाणीव आपल्या अध्यापनात अभावानेच आढळते. हे बंदर म्हणजे शूर्पारक, अर्थात आजच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यामधील सोपारे होय.

देवळ्यासारख्या ठिकाणाहून सोपाऱ्यास शैक्षणिक सहल नेली तर विद्यार्थ्यांची पहिली प्रतिक्रिया काय होईल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. नालासोपारा स्थानकाबाहेरची गर्दी, दाट वस्ती, आणि त्या वस्तीच्या पलीकडे एका आवारात विटांच्या स्तूपाचा उरलेला भाग. समुद्र नाही, धक्का नाही, जहाज नाही. 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' हा प्रश्न तेथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. प्रस्तुत लेख या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न करतो.

सदर लेखाचे प्रमुख प्रतिपादन असे की, सोपाऱ्याचे बहुतांश पुरावे सोपाऱ्यात नाहीत. ते तीन ठिकाणी विखुरलेले आहेत : घाटमाथ्यावरील लेण्यांत, मुंबईतील संग्रहांत आणि समुद्रापलीकडील बंदरांत. म्हणून हे बंदर पाहावयाचे असेल तर प्रवासाची सुरुवात बंदरापासून न करता आपल्या जिल्ह्यापासून केली पाहिजे.

लेखाची उद्दिष्टे

१) नाशिक परिसरातील शिलालेखांच्या आधारे शूर्पारक बंदर व त्याचा पृष्ठप्रदेश यांतील संबंध स्पष्ट करणे.
२) सोपारे येथील पुरावशेषांचे स्वरूप व त्यांची सद्यःस्थिती समजून घेणे.
३) भूमध्यसागरी बंदरांच्या तुलनेत सोपाऱ्याचे वेगळेपण मांडणे.
४) महाविद्यालयीन अभ्याससहलीसाठी या प्रवासाची उपयुक्तता तपासणे.

पहिला टप्पा : त्रिरश्मी डोंगर

कसमादे परिसरातून मुंबईकडे जाणारी वाहने भावडबारी उतरून मुंबई-आग्रा महामार्गास लागतात. नाशिक शहर ओलांडताच डाव्या हातास जो डोंगर दिसतो, तोच शिलालेखांतील त्रिरश्मी पर्वत, म्हणजे पांडवलेणी होय. येथे चोवीस लेणी आहेत. आजचा महामार्ग याच डोंगराच्या पायथ्याशी जातो, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. भिक्षूंचे विहार वर्दळीच्या वाटेपासून फार दूर नसत. भिक्षा व दान या दोन्ही गोष्टी वाटेवरच मिळत.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. शूर्पारकाच्या दृष्टीने हे लेख सर्वाधिक महत्त्वाचे ठरतात. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी आपण चौसोपी धर्मशाळा बांधल्याचे उषवदात सांगतो. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकलगतचा परिसर आणि शोर्पारग म्हणजे सोपारे. नकाशावर ही चार ठिकाणे जोडून पाहिली असता दोन बंदरे आणि त्यांना जोडलेली अंतर्भागातील दोन केंद्रे स्पष्ट दिसतात. ज्या प्रदेशात व्यापारी, यात्रेकरू व भिक्षू यांची सतत ये-जा असे, तेथेच धर्मशाळांची गरज भासते. शोर्पारग येथील रामतीर्थाचा उल्लेखही याच लेखात आलेला आहे.

याच लेखात नद्यांची एक यादी आहे : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. या नद्यांवर विनामूल्य नौकांची सोय केल्याचे व दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्याचे उषवदात नमूद करतो. पारादा म्हणजे पार नदी आणि दमण म्हणजे दमणगंगा, असे अभ्यासक मानतात. या दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम डोंगररांगांत उगम पावून अरबी समुद्रास मिळतात. आपल्या गिरणेचा उगमही त्याच रांगांतला. परंतु ती पूर्वेकडे वळून पुढे तापीस मिळते, आणि तापीचे नाव वरील यादीत आहेच. एका पाणलोटाच्या दोन उतारांवरील नद्यांची नावे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका दानलेखात एकत्र वाचावयास मिळणे, हा भूगोलाच्या विद्यार्थ्यास वर्गाबाहेर मिळणारा उत्तम पाठ होय.

वाणिज्य विभागासाठीही येथे सामग्री आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अक्षयनिधी म्हणून ३,००० कार्षापण ठेवले. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा दरशेकडा एक या दराने, तर दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून विहारातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. हा हिशेब पडताळून पाहता येतो. २,००० कार्षापणांवर बारा टक्के दराने वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही २४० होतात. मुद्दल परत न घेता केवळ व्याजच उपयोगात आणावे, अशी अट होती. विणकरांची एखादी श्रेणी दरवर्षी इतके व्याज देण्याची हमी घेते, याचा अर्थ तिच्या कापडास खात्रीची बाजारपेठ होती. ती सर्वस्वी परदेशी होती असे म्हणता येणार नाही. परंतु पश्चिमेकडे जाणाऱ्या मालात सुती कापडाचे स्थान मोठे होते, हे ग्रीक साधनांवरून निश्चित होते.

सतराव्या क्रमांकाच्या लेण्याचा दाता तर स्वतःस 'यवन' म्हणवतो. धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दात्तामित्री येथील रहिवासी. त्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि त्याचा पुत्र धम्मरक्षित याचे नाव पूर्णतः भारतीय आहे. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन व पल्हव यांचा संहार केल्याचे गौरवाने सांगितले आहे. एकाच डोंगरावर यवनांचा पराभव कोरलेला आहे आणि यवनाचे दानही कोरलेले आहे. राजकीय संघर्ष आणि सामाजिक सहवास एकाच काळात कसे नांदतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरा टप्पा : घाट आणि बंदरावरील सत्ता

नाशिकहून पुढे थळ घाट, म्हणजे आजचा कसारा घाट उतरला की उत्तर कोकण लागते. घाट हा बंदराचा खरा दरवाजा होय. जुन्नरजवळील नाणेघाटात पाण्याच्या एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे. कार्ले येथील चैत्यगृहातही सोपाऱ्याच्या सातिमित नामक भिक्षूच्या दानाची नोंद आढळते. घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्यास पाणी मिळावे म्हणून बंदरातील माणूस खर्च करतो, यावरून बंदर आणि घाट यांचे परस्परावलंबन ध्यानात येते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका अज्ञात ग्रीक लेखकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या मार्गदर्शिकेत सुप्पारा आणि कल्लिएना, म्हणजे सोपारे आणि कल्याण, यांची नावे आली आहेत. या ग्रंथानुसार पैठणहून गोमेद व तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, सुती कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचकडे नेले जाई. पश्चिमेकडून येणाऱ्या मालात मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी होती.

मात्र याच ग्रंथातील एक नोंद विशेष विचारार्ह आहे. कल्याण ही पूर्वी नियमित व्यापारपेठ होती. परंतु संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात ती आल्यापासून तेथील व्यापारात अडथळे आले, आणि चुकून त्या बाजूस आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला पाठविली जाऊ लागली, असे लेखक सांगतो. हा संदनेस नेमका कोण याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी घटनेचा अर्थ स्पष्ट आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांचा संघर्ष केवळ भूभागासाठी नव्हता. तो बंदरांवरील जकातीसाठीही होता. या संघर्षाचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यातील आहे. जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटविलेले होते.

बंदरावर घेतलेल्या निर्णयाचा परिणाम घाटमाथ्यावर जाणवतो, हे कसमादे परिसरातील वाचकांस वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. येथील कांदा न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठविण्यात आली; या काळात येथील बाजार समित्यांत काय घडले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. दोन्ही काळांतील कारणे व परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहेत, हे मान्य करूनही एक सूत्र समान राहते. समुद्र न पाहिलेल्या उत्पादकाचे भवितव्यदेखील बंदराशी बांधलेले असते. गोवर्धनच्या विणकराची स्थिती याहून वेगळी नसावी.

तिसरा टप्पा : सोपारे

वैतरणा नदी आणि वसईची खाडी यांच्या दरम्यानच्या प्रदेशात सोपारे वसलेले आहे. एके काळी खाडीमार्गे जहाजे येथवर येत. गाळाने खाड्या भरत गेल्या आणि बंदराचे महत्त्व क्रमाक्रमाने ओसरले. तथापि ही प्रक्रिया दीर्घकाळ चालली. अरब भूगोलकारांच्या लेखनात 'सुबारा' या नावाने सोपाऱ्याचे उल्लेख आढळतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या काळात मात्र या भागातील प्रमुख स्थान वसईने घेतले होते.

साहित्यातही या नगराच्या खुणा विपुल आहेत. महाभारतात शूर्पारक तीर्थ म्हणून येते. 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथातील पूर्ण नावाचा व्यापारी येथलाच. श्रीलंकेच्या 'महावंस' ग्रंथानुसार विजय हा राजपुत्र लंकेस जाण्यापूर्वी येथे उतरला होता. या कथांना इतिहास मानता येत नाही. परंतु ज्या नगराचे नाव इतक्या परंपरांनी जपले, त्याची कीर्ती निर्विवाद म्हणावी लागेल.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. बुरुड म्हणजे सुपे-टोपल्या विणणारा आणि शूर्प म्हणजे सूप; नगराच्या नावाची स्मृती लोकांनी या नावात जपली असावी, असे वाटते. टेकाडाखाली विटांचा स्तूप होता. त्याच्या मध्यभागी विटांच्या कोठीत दगडी पेटी सापडली. तीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ धातुमूर्ती होत्या : सात पूर्वबुद्ध आणि आठवा मैत्रेय. करंडकात एकात एक असे चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. स्तूपातून यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. हे नाणे दुसऱ्या शतकातील, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. यावरून हा स्तूप किमान सहा शतके श्रद्धेचा विषय राहिला, असे अनुमान निघते. राजवटी बदलल्या, व्यापाराचे मार्ग बदलले. तरी या जागेचे पावित्र्य टिकून राहिले. १९९३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे केलेल्या उत्खननात दगडी भिंत, कड्यांची विहीर आणि रोमन अॅम्फोरांचे तुकडे मिळाले. अॅम्फोरा म्हणजे मद्य किंवा तेल वाहून नेण्याचे, दोन कानांचे व निमुळत्या बुडाचे मातीचे भांडे होय.

चौथा टप्पा : मुंबई

स्तूपातील पेटी व करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्येच सोपाऱ्यात मिळाला आणि नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. हे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे सोपाऱ्यास जाणाऱ्यास केवळ रिकामी कोठी आणि विटा दिसतात, तर संग्रहालयात जाणाऱ्यास वस्तू दिसते पण जागा दिसत नाही. दोन्ही ठिकाणी गेल्यावाचून कोणतेही एक ठिकाण पूर्ण समजत नाही.

या दोन शिलालेखांचा आशय प्रवासाशी निगडित आहे, ही बाब सहसा लक्षात येत नाही. नवव्या लेखात आजारपण, विवाह, अपत्यजन्म आणि प्रवासास निघणे अशा प्रसंगी लोक जे विविध मंगलविधी करतात त्यांचा उल्लेख आहे, आणि धम्माचे आचरण हेच खरे मंगल असे त्यात सांगितले आहे. जेथून माणसे वर्षानुवर्षे समुद्रावर जात, त्या बंदराच्या परिसरात हा लेख असावा, हे अर्थपूर्ण वाटते. आठवा लेख विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांतील भेद सांगतो. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी फिरत. अशोकाने त्याऐवजी श्रमण, ब्राह्मण व वृद्ध यांचे दर्शन, दान आणि जनपदातील लोकांची भेट यांसाठी प्रवास सुरू केला.

पाचवा टप्पा : समुद्रापलीकडे

सोपारे-भडोचच्या किनाऱ्यावरून निघालेला माल तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा म्योस होर्मोस या बंदरांत उतरे. तेथून उंटांवरून वाळवंट पार करून नाईल नदीकाठच्या कोप्टोस येथे आणि मग नदीमार्गे भूमध्य समुद्रावरील अलेक्झांड्रियास पोहोचे. बेरेनिके ते कोप्टोस हा वाळवंटातील प्रवास बारा दिवसांचा असल्याचे रोमन लेखक प्लिनी सांगतो. या व्यापाराचे आर्थिक परिमाण दुसऱ्या शतकातील एका ग्रीक पपायरसवरून कळते. केरळमधील मुझिरिस बंदराच्या व्यापारासंबंधीच्या या दस्तऐवजात 'हर्मापोलॉन' या जहाजावरील मालाची किंमत सुमारे सत्तर लाख सेस्टर्स दिली आहे. पूर्वेकडील मालावर रोमन शासन चतुर्थांश जकात घेई.

बेरेनिके येथील उत्खननात मिळालेल्या संगमरवरी बुद्धमूर्तीची माहिती २०२३ मध्ये जाहीर झाली. ही मूर्ती दुसऱ्या शतकातील मानली जाते आणि तिचा दगड भूमध्यसागरी प्रदेशातील आहे. त्याच ठिकाणी सम्राट फिलिप याच्या काळातील संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. म्हणजे सोपाऱ्यात रोमन भांड्यांचे तुकडे आहेत, तर इजिप्तमध्ये सातवाहन नाणी आहेत. मालाबरोबर माणसे आणि माणसांबरोबर त्यांचे देव प्रवास करीत होते.

येथे एफेससशी तुलना उद्बोधक ठरते. आजच्या तुर्कस्तानातील हे बंदरही नदीच्या गाळाने बुजले. बंदराकडे जाणारा सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा रस्ता आज पाण्याला मिळत नाही. समुद्र काही किलोमीटर मागे सरला आहे. तरीही जगभरातील पर्यटक तेथे येतात आणि २०१५ मध्ये त्या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोन्ही बंदरांचा अंत गाळानेच केला. मग परिणाम इतका भिन्न का? एफेसस ओस पडले म्हणून टिकले. सोपारे नांदते राहिले म्हणून झाकले गेले. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती राहते, तेथे जुनी वीट नव्या भिंतीत जाते, जुने तळे बुजते, जुन्या टेकाडावर घर उभे राहते. हा रहिवाशांचा दोष नव्हे. तो जिवंत नगराचा स्वभाव आहे. मात्र २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली त्या परिसराचे नागरीकरण आज ज्या गतीने होत आहे, ती गती पूर्वीच्या शतकांची नाही. जे अद्याप जमिनीखाली आहे, ते अभ्यासापूर्वीच नष्ट होण्याचा धोका खरा आहे.

निष्कर्ष

१) शूर्पारक बंदराचे आर्थिक जीवन समजून घेण्यासाठी त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेख हे सोपारे येथील अवशेषांइतकेच, काही बाबतींत त्यांहून अधिक, महत्त्वाचे साधन आहेत.
२) बंदर, घाट, नदी आणि श्रेणी ही एकच साखळी होती, तिची एक कडी नाशिक जिल्ह्यात आहे.
३) सोपाऱ्याचे पुरावशेष विखुरलेले असल्याने ते स्थळ 'रिकामे' भासते, आणि रिकाम्या भासणाऱ्या स्थळाच्या रक्षणासाठी कोणी पुढे येत नाही. त्यामुळे संरक्षणाचा प्रश्न हा मुळात शिक्षणाचाही प्रश्न आहे.
४) इतिहास, भूगोल, वाणिज्य व मराठी या विभागांनी संयुक्तपणे त्रिरश्मी, सोपारे आणि मुंबईतील संग्रहालय अशी तीन टप्प्यांची अभ्याससहल याच क्रमाने आखल्यास विद्यार्थ्यांना पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाण्याची सवय लागेल.

सहलीस निघण्यापूर्वी उषवदाताच्या लेखातील व्याजाचा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावा आणि नद्यांची यादी नकाशावर भरून घ्यावी. एवढी पूर्वतयारी झालेला विद्यार्थी विटांच्या त्या ढिगासमोर उभा राहील तेव्हा 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' असे विचारणार नाही. विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांतील जो भेद अशोकाने सोपाऱ्याच्या दगडावर कोरविला, तोच करमणुकीची सहल आणि अभ्यासप्रवास यांतील भेद होय. तो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे ही आपणा अध्यापकांची जबाबदारी आहे.